सात वर्षांची शिक्षा

“हात पुढं कर,” भवानीबाई म्हणाल्या.

समोरच्या माणसाने बगलेतले गाठोडे खाली ठेवले, दोन्ही हात धोतराला पुसले आणि पुढे धरले. भवानीबाईंनी चष्मा नाकावर चढवला. काठीच्या टोकाने खूण केली, तसे त्याने तळवे उलटे केले, पुन्हा सुलटे केले. उजव्या अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग होता. पेरापेरांत तेल असे मुरलेले, की ते आता कातडीचेच झाले होते. घट्टे होते, पण सडकेवर खडी फोडणाऱ्या कैद्यांच्या हातांना येतात तसे नव्हते.

म्हणजे खडीला नव्हता घातला, भवानीबाईंनी मनाशी ठरवले. तेलाच्या घाण्याला जुंपला असेल मेल्यांनी.

“नाव काय म्हणालास?”

“उमाशंकर, मांसाब. धारचा आहे. चिठ्ठी टाकली होती.”

“मिळाली. मीच वाचली. अक्षर न् अक्षर.”

शेवटचे शब्द जरा चढ्या आवाजात आले. चार हातांवर कारभारी गोपाळराव उभे होते, आणि ते शब्द त्यांच्यासाठी होते.

यजमान हंबीरराव गेले तेव्हा भवानीबाईंना स्वतःचे नाव तेवढे लिहिता येत होते. तेरावा झाला आणि गोपाळराव कापसाच्या जीनचे कागद पुढे करून ‘इथं सही, बाईसाहेब, आणि इथं’ म्हणू लागले, तेव्हा त्यांनी बोरू खाली ठेवला. “आधी वाचायला शिकते,” म्हणाल्या, “मग सही.” पन्नाशीत सुनेपुढे पाटी घेऊन बसल्या. आता ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, त्या बाळबोध काहीही वाचत. आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्या धुंडाळल्या तरी आपल्याइतके नीट वाचणारी बाई सापडायची नाही, असा त्यांचा समज होता. तो खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

उमाशंकरची चिठ्ठी धारच्या बाजारातल्या कुणा पंडिताने झोकदार हिंदीत लिहून दिलेली होती. भवानीबाईंनी ती तीनदा वाचली, आणि तिन्ही वेळा त्यांचे बोट एकाच ओळीशी थांबले. ‘हमने अजमेर में सात बरस शिक्षा पाई है.’

सात वर्षांची शिक्षा! आणि पठ्ठ्याने ती पहिल्या दमात सांगून टाकली होती. ना आडपडदा, ना रडगाणे.

दुसऱ्या कुणी ती चिठ्ठी चुलीत घातली असती. भवानीबाईंनी उत्तर धाडले, ‘ये.’

कारण जीनच्या इंजनावरचा आधीचा डायवर फार गोड बोलणारा होता. पाणी किती आहे, विचारले की ‘भरपूर, बाईसाहेब’. बॉयलरमधले पाणी दाखवणारी काच तुंबली होती, खोटे पाणी दाखवत होती. त्याला ते ठाऊक होते. पण भर हंगामात इंजन थांबवून बोलणी कोण खाणार, म्हणून तो गप्प राहिला. गेल्या फाल्गुनात आतले पाणी सरले, भट्टीच्या माथ्यातला शिशाचा डाट वितळला आणि भट्टीच्या तोंडातून वाफ उसळली. तोंडाशी गणपत लाकडे टाकत होता. डायवर त्याच दुपारी पळाला. गणपत जगला, पण त्याच्या डाव्या हाताची बोटे पुन्हा काही मिटली नाहीत.

तेव्हापासून इंजन थंड होते. आता कार्तिक लागला होता. टोंकखुर्दकडच्या कापसाच्या गाड्या फाटकाशी थांबून विचारून जात होत्या, चार-आठ दिवसांत त्यांनी उज्जैनची वाट धरली असती. सरकी काढणाऱ्या रेच्यांवर कापूस घालणाऱ्या चाळीस बायांचा निरोप तर स्पष्ट होता. नवा माणूस कोण ते आधी सांगा, मग आम्ही छपराखाली पाय ठेवू. त्यांचे काही चुकत नव्हते. भवानीबाईंनाही हुशार माणूस नको होता. खोटे न बोलणारा हवा होता.

“बस,” त्या उमाशंकरला म्हणाल्या. तो सरकीच्या पोत्यांशी उकिडवा बसला. “तिथं माणसं किती होती?”

“अजमेरला? दोनशे-अडीचशे असतील, मांसाब.”

“सकाळी मोजून आत घेत असतील.”

“हो! फाटकावर.” बाईंना एवढे ठाऊक, याचे नवल त्याच्या तोंडावर दिसले. “पितळेचा बिल्ला असायचा. माझा नंबर एकशे अठरा. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर.”

भवानीबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. जित्याजागत्या माणसाला नंबर.

“खायला काय द्यायचे?”

“दाल-रोटी. कधी दाल पातळ, कधी रोटी.”

“मारायचे?”

“सुरवातीला. हातोडी चुकली की उस्ताद पाठीत घालायचा. पण खरं सांगू मांसाब, त्यानंच सुधरलो.”

“गेलास तेव्हा वय काय होतं?”

“पंधरा. बाप स्वतः सोडून आला. हात धरून.”

भवानीबाईंच्या हातातली काठी जमिनीवर आपटली. “बाप? स्वतः?”

“फाटकापर्यंत आला. मी पाया पडलो, तो माघारी गेला. थोडा रडत होता.”

“रडेल नाही तर काय करेल,” भवानीबाई पुटपुटल्या. बापाचेच काही कुकर्म पोराने अंगावर घेतले असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखले. पण विचारले नाही. माणसाने आपण होऊन अर्धे दार उघडले म्हणून आपण थेट माजघरात शिरू नये, एवढी रीत त्यांना होती. “आणि सुटलास कधी?”

“गेल्या चैत्रात. साहेब तर म्हणाला, अजून दोन बरस राहा. मी म्हणालो, साहेब, पुरे. आता घरची याद येते.”

“सात पुरली नाहीत मेल्याला!”

उमाशंकर हसला. भवानीबाईंना ते हसणे बघवेना. त्यांनी मान वळवली.

“बाईसाहेब,” गोपाळराव खाकरले, “नीलकंठही आलाय. त्यालाही पाहून घ्यावं.”

नीलकंठ गोपाळरावांचा भाचा. पायांत बूट, अंगात पांढरा कोट, हातात मुंबईचे तीन दाखले. भवानीबाईंनी दाखले डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, परत केले.

“इंग्रजी आमच्या सूनबाईंनी अजून शिकवायला घेतलं नाही. तुम्ही दोघं आपलं इंजन बघा.”

नीलकंठने बॉयलरला एक फेरी मारली, चाकावर रुमाल ठेवून त्यावर हात टेकला, चार-पाच इंग्रजी नावे घेतली आणि म्हणाला, “परवा चालू करून देतो.”

उमाशंकरने कंदील मागितला. अंगरखा काढून खुंटीला लावला, आणि माणूस जाईल न जाईल एवढ्या भोकातून तो बॉयलरच्या पोटात शिरला. आतून लहान हातोडीचा आवाज येऊ लागला. टक्. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्. बाजारात माठ घेताना भवानीबाई तो असाच बोटाने वाजवून, कान लावून ऐकत.

तो बाहेर आला तेव्हा डोळे तेवढे पांढरे उरले होते.

“मांसाब, माथ्याचा पत्रा दबलाय. नखाएवढा, पण दबलाय. आठ दिवस लागतील. आणि हा पाण्याचा पंप असा मी कधी पाहिला नाही. खोलीन तेव्हा कळेल. आत्ता येत नाही.”

“येत नाही?”

“नाही, मांसाब.”

भवानीबाईंनी चष्मा काढला आणि पदराने सावकाश पुसला. वीस वर्षांत या आवारात ‘येत नाही’ म्हणणारा पुरुष त्यांनी पाहिला नव्हता. हंबीररावसुद्धा कधी म्हणाले नव्हते.

“गोपाळराव, भाच्याला पोटभर जेवू घालून टांग्यात बसवून द्या. मुलगा चांगला आहे. कोट तर फारच चांगला आहे.”

“पण बाईसाहेब, या माणसाची आपल्याला माहिती काय? कोण, कुठला—”

“सगळी माहिती आहे मला. तुम्हाला सांगण्यासारखी नाही, एवढंच.”

ते आठ दिवस भवानीबाईंनी जिवाचा आटापिटा केला. उमाशंकरच्या झोपायला सरकीच्या कोठाराशेजारची खोली झाडून ठेवली होती. पण तिच्या खिडकीला गज होते. भवानीबाईंनी गज पाहिले आणि त्याची खाट उघड्या ओसरीत टाकायला सांगितली. कार्तिकाची थंडी मोठी खट होती. चार दिवस तो पहाटे दात वाजवत उठला, पण मांसाबनी दिलेली जागा म्हणून बोलला नाही. पाचव्या दिवशी सुनेने गुपचूप गोधडी दिली. रोजच्या जेवणात डाळ बंद झाली. “सात वर्षं तेच गिळलंय त्यानं,” भवानीबाई म्हणाल्या, आणि भाकरीवर तुपाची धार धरली. गणपतला त्यांनी एकट्याला बाजूला घेऊन खरे काय ते सांगितले. याच्यासमोर कोठडी, साखळी, बेडी असले शब्द काढायचे नाहीत. गणपत इतका सांभाळून राहू लागला, की कप्पी उचलायची साखळी मागायची वेळ आली तेव्हा त्याने ‘ते लोखंडाचं लांब कडीकडीचं’ मागितले. उमाशंकरला वाटले, भाजल्यापासून या भियाच्या डोक्यालाही काही झाले असावे, आणि तो त्याच्याशी जास्तच मायेने वागू लागला.

पंप खोलला गेला, उमगला. काच साफ झाली. दबलेल्या पत्र्याला आतून आधार बसला. नवा डाट ओतताना उमाशंकरने गणपतला शेजारी बसवले आणि प्रत्येक तोटी कशासाठी ते समजावले. “माझ्यावर भरवसा ठेवू नको, भिया,” तो म्हणाला. “काचेवर ठेव, आणि काचेवरही ठेवू नको. दर घंट्याला ही तोटी सोडून बघ.”

नवव्या दिवशी सकाळी बॉयलरमध्ये वाफ धरली. फाटकाबाहेर गाड्या होत्या, फाटकाच्या आत लिंबाखाली चाळीस बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. छपराकडे एकही पाऊल सरकत नव्हते.

भवानीबाई पूजेवरून उठून आल्या होत्या, पण पूजेत चित्त नव्हते. या बायांना आत बोलवायचे तर त्या विचारणार, नवा माणूस कोण. सांगावे तर बाया घरी जातील, गाड्या उज्जैनला जातील, आणि या बिचाऱ्याच्या कपाळी पुन्हा फाटक. न सांगावे तर पळालेल्या डायवरमध्ये आणि आपल्यात फरक तो काय? काच तुंबलेली ठेवून ‘भरपूर’ म्हणण्यातलेच ते.

त्या बॉयलरजवळ गेल्या.

“उमाशंकर, बायांना सांगू का? अजमेरचं?”

“सांगा की, मांसाब,” तो वाफेच्या काट्यावरची नजर न काढता म्हणाला. “त्यात लपवायचं काय?”

क्षणभर भवानीबाईंना वाटले, राहू द्यावे. पण त्या भवानीबाई होत्या. काठी टेकत त्या ओट्यावर चढल्या आणि बायांना समजेल अशा आपल्या हिंदीत बोलल्या.

“सुनो गं, बायांनो. मी खोटं बोलून कुणाला आत नेणार नाही. ये जो आदमी है ना, इसको अजमेर में सात बरस की शिक्षा हुई है. पूरी सात. जिसको डर लगता है वो घर जाव. मी राग धरणार नाही.”

ओट्याखाली उभ्या गोपाळरावांचा चेहरा पांढराफटक पडला. “शिक्षा?” ते कुजबुजले. “बाईसाहेब, आणि हे तुम्ही आत्ता—”

पण बायांत कुजबूज उठली होती. “सात बरस!” कुणी म्हणाले. “सात बरस की सिक्सा!” भवानीबाईंनी काठीवरची मूठ घट्ट केली. सर्वांत पुढे गेंदी होती, रेच्यावरची सर्वांत जुनी आणि सर्वांत भांडकुदळ बाई. निरोप पाठवण्यात तीच पुढे होती. ती उमाशंकरकडे एकटक बघत राहिली, मग तिने दोन्ही हात जोडले.

“मांसाब, पेलां क्यों नी कह्यो? म्हारा छोरा के बी ऐसी सिक्सा मिल जाय, तो म्हारा भाग खुल जाय!”

“जीभ झडो तुझी!” भवानीबाई ओरडल्या. “पोटच्या पोराविषयी असं बोलतात?”

गेंदी हसली आणि पदर खोचून छपराकडे निघाली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. जाता जाता बाया बॉयलरपाशी थबकत होत्या, उमाशंकरला वाकून रामराम घालत होत्या. एका म्हातारीने तर त्याच्यावरून हात ओवाळून बोटे कानशिलावर मोडली. पाच मिनिटांत लिंबाखाली कुणी उरले नाही. गणपतने धड हाताने एक लाकूड उचलले आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा भट्टीचे दार स्वतः उघडले.

भवानीबाई ओट्यावरच बसल्या. केवढ्या मनाच्या बाया ह्या! अंगावर धड लुगडे नाही, आणि तुरुंगातून आलेल्या माणसाला ओवाळतात. आपल्या भावकीत हेच सांगितले असते तर लोकांनी घागरी धुऊन घेतल्या असत्या. त्यांनी डोळे टिपले आणि इकडेतिकडे पाहिले, तर गोपाळरावांचे काही वेगळेच चालले होते. गेंदीच्या बोलण्यावर उघडलेले त्यांचे तोंड अजून तसेच होते. ते गेंदीकडे बघत होते, उमाशंकरकडे बघत होते, ओठांतल्या ओठांत ‘अजमेर... रेल्वेचा कारखाना... सिक्सा’ असे जुळवत होते. मग एकाएकी त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि भराभरा विहिरीकडे गेले. पाठमोरे त्यांचे खांदे गदगदत होते.

भाच्याचे दुःख अजून जिरले नाही, भवानीबाईंना वाटले. बरे झाले, मोकळा होऊ दे.

शिट्टी झाली. पट्टा सरकला, एक हिसका बसला आणि रेचे फिरू लागले. तासाभरात सगळ्या आवारावर रुईची पांढरी लव तरंगू लागली.

दुपारी भवानीबाईंनी गोपाळरावांना खाटेजवळ बोलावले. उमाशंकर हात धुऊन समोर उभा राहिला.

“नेमणुकीचा कागद करा. बाळबोधीत, मला वाचता येईल असा. लिहा. उमाशंकर मिस्त्री, राहणार धार, यांस इंजनावर कायम ठेवले. अजमेरास सात वर्षांची शिक्षा झालेली असूनही, माणूस खरा, म्हणून ठेवले.”

बोरू थांबला.

“बाईसाहेब, ते शिक्षेचं लिहायलाच हवं का?”

“हवं. उद्या मी नसेन. कुणी उठून म्हणेल, बाईला फसवून राहिला. मी जाणून ठेवला, हे कागदावर असू दे.”

गोपाळरावांनी मान वर केली. त्यांनी भवानीबाईंच्या तोंडाकडे पाहिले. त्या तोंडाने गेल्या नऊ दिवसांत त्यांच्या भाच्याचा कोट देवासभर केला होता. त्याचे उट्टे काढायला एक वाक्य पुरे होते, आणि समोर उमाशंकर उभा होता, छपराखाली चाळीस बाया होत्या. त्यांनी तोंड उघडले. मग मिटले, बोरू दौतीत बुडवला आणि एकटाकी लिहून कागद पुढे केला.

भवानीबाईंनी ओळीखाली बोट धरले. “अ-ज-मे-रा-स... सा-त व-र्षां-ची शि-क्षा झा-ले-ले... मा-णू-स ख-रा... म्ह-णू-न ठे-व-ले.” बोट मागे आले. “यात ‘असूनही’ कुठंय?”

“नाही लिहिलं.”

“का?”

“कागद त्याच्याजवळ राहणार, बाईसाहेब. जन्मभर. कशाला तेवढा एक शब्द?”

भवानीबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग गोपाळरावांकडे. या कोरड्या माणसाला असे काही सुचेल, हे त्यांनी कधी मनात आणले नव्हते.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि हे शब्द त्यांनी याआधी कुणाला म्हटले होते ते त्यांनाही आठवेना. त्यांनी खाली सही केली, मोठी, वळणदार, आणि कागद उमाशंकरला दिला.

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. मग कपाळाला लावला.

“मांसाब, सात बरसांचं नाव काढून असा मान मला कुणी दिला नाही. तिथल्या साहेबानंसुद्धा दिला नाही.”

“तो कशाला देतोय मेला. जा, काच बघ.”

तो गेल्यावर भवानीबाईंनी आवाज खाली आणला.

“आणि गोपाळराव, हे आपल्या आवारातच राहू दे हं. बाया मनाने मोठ्या आहेत, पण गाव तसं नसतं. चारचौघांत ही गोष्ट निघाली तर लोक हसतील.”

गोपाळरावांनी दौतीचे बूच लावले, नीट दाबून बसवले.

“नाही निघणार, बाईसाहेब,” ते म्हणाले. “मी असेपर्यंत तरी नाही.”